बदली कार्ड

पडद्यावर सहा उंचवटे दिसायला हवे होते. चारच दिसत होते आणि त्यांच्यामध्ये एक खोल खड्डा.

जुलै महिना, रात्रीचे साडेबारा. बाहेर कोकणातला पाऊस पत्र्यावर आपटत होता आणि मी पॅनलरूममध्ये विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपसमोर उभा होतो. तासाभरापूर्वी शिफ्ट इनचार्जचा फोन आला होता. "साहेब, एक्सायटेशनचा अलार्म येतोय आणि जातोय. व्होल्टेज मात्र एकदम बरोबर आहे." ते 'एकदम बरोबर' ऐकलं आणि मला घरी बसवेना.

आमच्या कारखान्याची वीज स्वतःची आहे. एक गॅस टर्बाइन, मिनिटाला पाच हजारांच्या वर फेरे घेणारी. मधल्या गिअरबॉक्समुळे तिला जोडलेला जनरेटर ३००० फेऱ्यांनी फिरतो. जनरेटरच्या रोटरचं चुंबक आपण डीसी करंट देऊन तयार करतो, आणि तो करंट पुरवणं हे एक्सायटेशन पॅनलचं काम. पॅनलच्या पोटात एसी विजेचं डीसी करणारा सहा थायरिस्टरांचा, म्हणजे सहा इलेक्ट्रॉनिक स्विचांचा, ब्रिज. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांत संपतं. तेवढ्यात सहाही जणांनी आपापल्या पाळीला उभं राहायचं, म्हणजे दर ३.३ मिलिसेकंदांनी एकाने.

एकाची पाळी चुकली की सहातले दोन उंचवटे बुडतात, कारण प्रत्येक थायरिस्टर दोन जोडीदारांबरोबर आळीपाळीने करंट वाहतो. तरीही जनरेटरचं व्होल्टेज ढळत नाही. रेग्युलेटर उरलेल्या पाचांना थोडं लवकर कामाला लावतो आणि तूट भरून काढतो. घरातलं एक माणूस अंथरुणाला खिळलं की बाकीचे त्याचं काम न बोलता वाटून घेतात. बाहेरून बघणाऱ्याला घर पूर्वीसारखंच दिसतं. आत मात्र पाच जण तापत असतात.

संशय तिघांवर होता: फ्यूज, थायरिस्टर, नाहीतर थायरिस्टरला चालू व्हायचा इशारा देणारं गेट ड्रायव्हर कार्ड. फ्यूज शाबूत होता. मग एकेका थायरिस्टरच्या गेटवर प्रोब लावून पल्स बघितली. पहिल्या तिघांची पल्स कड्यासारखी सरळ उभी चढत होती. चौथ्याची मात्र दमलेल्या माणसाने जिना चढावा तशी हळूहळू वर येत होती आणि निम्म्यावरच थांबत होती. पाचवी, सहावी पुन्हा नीट. म्हणजे थायरिस्टर निर्दोष होता. त्याला हाकच नीट जात नव्हती.

ही हाक म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझा या कार्डावर जीव आहे तो त्यामुळेच.

थायरिस्टर हे करंटचं दार आहे. १९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने ते पहिल्यांदा बनवलं आणि मोठे करंट काबूत ठेवायची सगळी रीतच बदलली. शेकडो अँपिअर अडवून धरणारं हे दार गेटवर काही व्होल्ट, एखाददुसरा अँपिअर एवढ्या टिचकीने उघडतं. पण एकदा उघडलं की गेटचं ऐकत नाही. वाहणारा करंट स्वतः शून्यावर आला तरच ते मिटतं. म्हणून सगळं कौशल्य त्या उघडण्याच्या क्षणात असतं. टिचकी कडक हवी. ती मवाळ पडली तर सिलिकॉनच्या चकतीचा गेटजवळचा इवलासा भागच आधी जागा होतो, सगळा करंट तेवढ्यातून घुसतो आणि तिथे जळून भोक पडतं. देवळाचं दार अर्धंच उघडलं आणि मागून जत्रा रेटायला लागली तर पुढच्याचं जे होईल, तेच.

गेट ड्रायव्हर ही टिचकी घडवतो. त्याच्या एका अंगाला कंट्रोलरची नाजूक बाजू, दोन-चार व्होल्टची, विचार करणारी. दुसऱ्या अंगाला ब्रिजची बाजू, माणूस जागच्या जागी मारणारी. मध्ये सहा छोटे पल्स ट्रान्सफॉर्मर, पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेले, बोरांएवढे. त्यांच्यात तारेने तार जोडलेली नसते. निरोप पलीकडे जातो तो फक्त चुंबकाच्या वाटेने. या कार्डाला काही ठरवायचा अधिकार नाही. कुणाला कधी हाक मारायची ते वरून ठरून येतं. याने ती ठणठणीत मारायची, एवढंच. दिवसाला कोट्यवधी वेळा.

टर्बाइनच्या मुख्य कंट्रोलमध्ये तीन प्रोसेसर शेजारीशेजारी बसलेले असतात, आर, एस आणि टी. तिघं एकच हिशेब मांडतात आणि दोघांचं जुळेल ते खरं धरतात. एक बिघडला तरी मशीन चालत राहतं. माणसांनी यंत्रात घातलेल्या शहाणपणातला हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. पण आमच्या एक्सायटेशनच्या ब्रिजपाशी येईपर्यंत ही तिहेरी सोय संपते. वर डोकी तीन, खाली हात एकच.

मशीन उतरवायचं ठरलं. मॅनेजरसाहेबांना झोपेतून उठवलं, बाहेरून ग्रिडची वीज घ्यायची परवानगी मिळवली, लोड हळूहळू कमी केला, ब्रेकर उघडला. टर्बाइन थांबली म्हणजे काम संपलं असं नसतं. तापलेला रोटर एकाच जागी पडून राहिला तर वजनाने वाकतो, म्हणून त्याला बॅरिंग गिअर नावाच्या यंत्रणेवर घालून सावकाश फिरवत राहावं लागतं. ते सुरू झाल्यावर मी स्टोअरमध्ये गेलो.

स्टोअरमधले काका मूळचे लालबागचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. चावी फिरवता फिरवता म्हणाले, "कुठलं हवंय? एक्सायटेशनचं बदली कार्ड?"

आमच्याकडे बोर्ड कुणी म्हणत नाही, सगळे कार्डच म्हणतात. कार्ड गेलं, कार्ड बदललं. वहीत त्याच्यापुढे 'स्पेअर' असं लिहिलेलं असतं. पण काका नेहमी 'बदली कार्ड' म्हणतात आणि दर वेळी माझ्या आत काहीतरी हलतं. आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक बदली कार्ड आहे. ते वडिलांचं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, ते बदली होते, १९६८ पासून १९८२ पर्यंत. चौदा वर्षं बदलीच राहिले. बदली कामगार म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा माणूस. भोंगा व्हायच्या आधी रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी आजारी असेल, कुणी गणपतीला गावी गेला असेल, तर आत बोलावणं येई. नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. हजेरी नाही तर पगारही नाही.

पूर्वी कुणाला आत घ्यायचं ते जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवायचा आणि त्याला दस्तुरी चारावी लागायची. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कार्डाची पद्धत सुरू केली. महिन्याच्या १ तारखेला ठरावीक माणसांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गेटवर हजर राहायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. अण्णांचं कार्ड त्याच परंपरेतलं. जाड पुठ्ठ्याचं, महिन्याच्या चौकटी छापलेलं, घामाने कडा मऊ झालेलं.

आई सांगायची, अण्णांना आत बोलावणं आलं की ते आधी साच्याकडे जात नसत. शेजारच्या साचेवाल्याकडे जात आणि विचारत, "याचा साचा कुठे अडतो?" प्रत्येक साच्याची खोड वेगळी. कुणाचा धोटा उजवीकडे जरा उशिरा पोचतो, कुणाचा ताणा पावसाळ्यात सैल पडतो. रोजच्या माणसाचे हात त्या खोडीला सरावलेले असतात, त्याला ते सांगताही येत नाही. बदलीला मात्र तासाभरात ते ओळखावं लागतं. मी एकदा विचारलं होतं, एका दिवसासाठी एवढं कशाला? अण्णा म्हणाले, "अरे, माझा साचा असता तर चाललं असतं. दुसऱ्याचा आहे. उद्या तो येणार, त्याला हातात जसाच्या तसा मिळायला नको?"

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात माणसं बाहेर पडली. बदली कामगारांना कायम करा ही त्या संपाच्या मागण्यांतली एक होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ती मागणी पुरी होईल असं आमच्या खोलीत वर्षभर बोललं जात होतं. नंतर ते बोलणं थांबलं आणि आम्ही गावी आलो. त्याच १९८२ सालात बंदराच्या पलीकडे उरणला बॉम्बे हायच्या गॅसवर राज्य वीज मंडळाच्या टर्बाइन सुरू झाल्या. एकाच पाण्याच्या दोन काठांवरच्या या दोन गोष्टी. मला त्यांचा मेळ आजही घालता येत नाही, पण डिप्लोमा करून मी दुसऱ्या काठाच्या कामाला लागलो हे खरं.

काकांनी खालच्या कप्प्यातून चंदेरी पिशवी काढून दिली. वर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, आठ तारखांची.

या आठ तारखांमागे एक वाईट दिवस आहे. नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात असताना, असंच एक कार्ड गेलं होतं. स्पेअर होतं, कोरं, सीलबंद, बरीच वर्षं कप्प्यात ठेवलेलं. सगळ्यांना हायसं वाटलं. पिशवी फाडली, कार्ड बसवलं, मशीन घेतलं. विसाव्या मिनिटाला ते कार्ड गेलं आणि टर्बाइन ट्रिप झाली. अख्खा प्लँट दीड दिवस बंद. पिशवी फाडणारे हात माझे होते.

नंतर उलगडा झाला. कार्डावर जे छोटे उभे डबे असतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्यांच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो. तोच त्यांचा जीव. व्होल्टेज मिळत राहिलं की थर टिकतो. वर्षानुवर्षं नुसतं ठेवलं की तो झिजत जातो, आणि मग एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर करंट गळतो, डबा तापतो, फुगतो, फुटतो. चालू कार्ड उष्णतेने म्हातारं होतं. दर १० अंश तापमान वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना हिशेब. पण कप्प्यात ठेवलेलंही म्हातारं होतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. काम न मिळाल्यानेही झीज होते. मला हे अण्णांकडे बघून कळायला हवं होतं.

या कारखान्यात आल्यावर मी पहिल्या वर्षी प्लायवूडच्या फळीवर कार्ड तपासायचा एक टेस्ट जिग बनवला. थायरिस्टरच्या गेटच्या जागी सहा रेझिस्टर, खाली व्होल्टेज कमीजास्त करणारा व्हेरिअ‍ॅक. दर एप्रिलमध्ये बदली कार्ड पिशवीतून काढायचं, व्होल्टेज शून्यापासून सावकाश चढवत न्यायचं, दोन तास चालवायचं, सहाही पल्स स्कोपवर बघायच्या आणि चिठ्ठीवर तारीख टाकायची. ऑडिटवाल्यांनी एकदा विचारलं होतं, सील तोडलेला स्पेअर स्टोअरमध्ये कसा? मी त्यांना जिग दाखवला. पटलं त्यांना.

नवीन मागवणं हा पर्याय आता उरलेला नाही. या पिढीची कार्डं बनणं कधीच बंद झालं. अख्खं पॅनल बदला असं पत्र येतं, खर्च कोटीच्या घरात. मग जुन्या बाजारात शोधायचं. तिथे चांगलं मिळतं आणि फसवणूकही होते. एकदा ऑनलाइन मागवलेल्या ड्रायव्हर आयसीवरून, म्हणजे कार्डावरच्या चिपवरून, अ‍ॅसिटोनचा कापूस फिरवला तर कापूस काळा झाला. वरचा रंग उतरला आणि खालून घासून पुसट केलेला दुसराच नंबर दिसला. त्या दिवसापासून बाहेरून आलेली प्रत्येक आयसी आधी कापसाखालून जाते.

पावणेदोनला आम्ही पॅनल उघडलं. ब्रिज डेड आहे याची खात्री केली, अर्थिंग लावलं. माझ्याबरोबर शिकाऊ मुलगा होता, आयटीआय करून आलेला, हात स्थिर. त्याला अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा बांधायला लावला. "सर, पावसाळ्यात स्टॅटिक कुठून येणार?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, दमट हवेत ती कमी साठते. पण माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवतो तो तीनेक हजार व्होल्टच्या पुढे. काही आयसींना शंभराच्या आतबाहेरच इजा होते. म्हणजे आपल्याला काही कळतही नाही आणि कार्ड जखमी झालेलं असतं. ते तेव्हाच मरत नाही, सहा महिन्यांनी मरतं. त्याने काही न बोलता पट्टा घट्ट केला.

आधी जुन्या कार्डाचे फोटो, चारही बाजूंनी. मग प्रत्येक वायरला टॅग. गेटच्या वायरी जोडीजोडीने पिळलेल्या असतात, पांढरी गेटची, लाल कॅथोडची. त्या पिळामुळे शेजारच्या मोठ्या करंटचा गोंगाट आत शिरत नाही. पीळ सोडायचा नाही, जोडी मोडायची नाही. मुलगा एकेक जोडी सोडवत होता आणि मी बॅटरी धरून होतो.

जुनं कार्ड आणि बदली कार्ड टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. दोघांचा नंबर एकच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. हे शेवटचं अक्षर बनवणाऱ्याने मधे काय सुधारलं ते सांगतं, पण तुटकपणे. जुन्यावर पाच जंपर, म्हणजे जागा बदलून कार्डाची सेटिंग ठरवणारे छोटे जोड, बदलीवर सहा. सहावा कशाचा हे मी पहिल्याच एप्रिलमध्ये मल्टिमीटर लावून ट्रॅक शोधत काढलं होतं. पल्स किती लांब ठेवायची ते तो ठरवतो. जुन्या कार्डावर तीच गोष्ट कायमची सोल्डर केलेली होती. याचा साचा कुठे अडतो, ते मला आधी माहीत होतं म्हणून त्या रात्री दोन मिनिटांत काम झालं. माहीत नसतं तर सहावा जंपर कारखान्यातून आला तसाच राहिला असता आणि सहाही पल्स आखूड पडल्या असत्या.

दोन प्लास्टिकचे पाय कार्ड दाबताना मोडले, जुने होऊन ठिसूळ झालेले. जुन्या कार्डाचे काढून लावले. कार्ड बसलं. रिबन केबल कट्कन लागली. मुलाने टॅग आणि फोटो ताडून पाहिले, मग मी पाहिले, मग त्याने पुन्हा.

साडेचारला मशीन घेतलं. टर्बाइन वेग घेते तेव्हा जमिनीतून एक थरथर पायात चढते. इतकी वर्षं झाली तरी त्या वेळी माझं बोलणं बंद होतं. इग्निशन लागलं, वेग चढत गेला. ९५ टक्क्यांवर एक्सायटेशन आत येतं. त्या क्षणी जनरेटर पूर्ण निद्रिस्त असतो. एक्सायटेशनला लागणारी वीज जनरेटरकडूनच यायची आणि जनरेटरला वीज बनवायला एक्सायटेशन हवं. हा तिढा सोडवायला स्टेशनच्या बॅटरीतून रोटरला काही सेकंद करंट देतात, तेवढ्यावर व्होल्टेज उगवायला लागतं. मीटरचा काटा हलला. दोन हजार, पाच हजार, मग ११ केव्हीला येऊन स्थिरावला.

मी स्कोपकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सारख्या उंचीचे. मुलाने मोबाइलमध्ये फोटो काढला आणि लगेच कुणाला तरी पाठवला. बहुतेक घरी.

पाच वाजून दहा मिनिटांनी ग्रिडशी जोडलं. पाऊस थांबला होता. काकांनी स्टोअर बंदच केलं नव्हतं, चहा मागवून बसले होते.

जुनं कार्ड मी आठवडाभराने बाकावर घेतलं. चौथ्या पल्स ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग होती. पंचवीस वर्षं रोज तापून आणि निवून पडलेली. भिंगाखालीही नीट प्रकाश तिरका धरला तेव्हाच दिसली. ती भरली, सगळे कपॅसिटर बदलले, साफ करून कोटिंगचा हात दिला. आता ते बदली झालंय. चंदेरी पिशवीत, खालच्या कप्प्यात, नव्या चिठ्ठीसह.

या म्हाताऱ्या कार्डाला वर्षातून एकदाचं काम पुरणार नाही असं मला वाटलं, म्हणून ते आता दर महिन्याला जिगवर येतं. ऑगस्टमध्ये मुलाने विचारलं, "सर, १ तारीखच का? त्या दिवशी पगाराच्या फाइलींची गडबड असते."

मी दुसऱ्या दिवशी अण्णांचं कार्ड घरून आणलं. त्याने हात पुसून ते घेतलं, उलटंसुलटं केलं, चौकटींवरचे शिक्के बोटाने मोजले. एका महिन्याच्या चौकटीपाशी थांबला.

"सर, या महिन्यात नऊच दिवस?"

"नऊच. पण गेटवर सव्वीस दिवस."

त्याने कार्ड माझ्याकडे परत दिलं, पट्टा बांधला आणि व्हेरिअ‍ॅक शून्यावर आहे ना ते बघितलं.